पळसाला पाने किती? वनस्पतीचित्रे, ती काढणारे हात आणि आपला वर्ग



मुलांना "झाडाचं चित्र काढा" म्हटलं की काय हाती येतं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तपकिरी खोड, वर हिरवा ढग आणि ढगात लाल गोळे. म्हणजे सफरचंद! आता आर्णीत, अरुणावतीच्या काठी, कापूस-तुरीच्या मुलखात सफरचंदाचं झाड कोणत्या मुलाने पाहिलंय? बांधावर पळस उभा, नाल्याकडे मोहा उभा, आणि वहीत मात्र काश्मीर. यात मुलांचं काही चुकत नाही. चित्रकलेच्या तासाला झाड वर्गात नसतं, मग मुलं आठवून काढतात. आणि आठवणीत असतं ते अंकलिपीतलं झाड.

चौथीच्या परिसर अभ्यासाला जोडून मी गेल्या फाल्गुनात एक पाठ घेतला, त्याबद्दल हा लेख आहे. विषय वनस्पतीचित्र. म्हणजे फुलदाणीतल्या फुलांचं शोभेचं चित्र नव्हे. वनस्पतीचित्र असं हवं, की ज्याने ते झाड जन्मात पाहिलं नाही त्याने नुसतं चित्र पाहून झाड ओळखावं. पाठासाठी झाड निवडलं पळस, कारण त्या दिवसांत आमच्याकडे शोधायला जावं लागत नाही. घाटंजीच्या रस्त्याने जा नाहीतर दिग्रसच्या, सगळीकडे पेटलेलं रान दिसतं.

आधी मोजा, मग काढा

"पळसाला पाने तीनच" ही म्हण मुलांना माहीत होती. मी प्रत्येक गटाला पळसाची पानं दिली (त्या वेळी फुललेल्या झाडावर पानं जवळजवळ नसतात, पण नाल्याकाठच्या एका झाडावर थोडी राहिली होती) आणि सांगितलं, पेन्सिल इतक्यात उचलायची नाही. आधी फक्त बघा. देठ कुठे सुरू होतो? फांदीला कुठे चिकटतो? तिन्ही पानं सारखी आहेत का?

पाच-सात मिनिटांनी मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे तं तीन पानं नाहीच. हे एकच पान हाये!"

बरोबर! फांदीला चिकटणारा देठ एकच असतो. त्या देठाच्या टोकाला तीन पर्णिका असतात. आपण ज्यांना तीन पानं म्हणतो ते खरं तर एका पानाचे तीन भाग. पुढे आणखी गंमत आहे. मधली पर्णिका मोठी, दोन्ही बाजूंनी सारखी आणि टोकाकडे रुंद. बाजूच्या दोन्ही मात्र वाकड्या, मधल्या शिरेच्या एका अंगाला जास्त रुंद आणि दुसऱ्या अंगाला कमी. मुलं जेवणाच्या पत्रावळीत ही पानं लहानपणापासून बघत आली आहेत, पण हा वाकडेपणा कोणाच्याच लक्षात आला नव्हता. पेन्सिल हातात घेऊन कागदावर तेवढीच रुंदी उतरवायची वेळ आली तेव्हाच तो दिसला. म्हणून मी सहकाऱ्यांना सांगते, चित्र हा निरीक्षणानंतरचा उपक्रम नाही. चित्र काढणं हेच निरीक्षण आहे.

मापासाठी पट्टीपेक्षा कागदाची अरुंद पट्टी बरी पडते. पानावर ठेवायची, खूण करायची, तीच खूण वहीवर उतरवायची. चित्र मूळ आकाराचंच काढायचं. त्यामुळे लहान वहीत पळसाचं पान मावत नाही, ड्रॉइंगचा मोठा कागद लागतो. मावावं म्हणून पान लहान करणाऱ्या मुलांना थांबवा. मोठं आहे तर मोठंच काढायचं.

फूल मी स्वतः ब्लेडने उभं कापून दाखवलं. बाहेरून काळपट मखमलीसारखी वाटी, त्यातून बाहेर आलेल्या केशरी पाकळ्या. वरची एक मोठी, मागे वळलेली. बाजूला दोन. खालची पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली, आणि तिच्या आत लपलेले दहा पुंकेसर, नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा. संस्कृतातल्या ‘किंशुक’ या नावाची फोड ‘किं शुकः?’ म्हणजे ‘हा पोपट की काय?’ अशी करतात. हे सांगितल्यावर वर्गातल्या निम्म्या चित्रांत चोचीला डोळे आले. ते पुसून घ्यावे लागले!

प्लासो, मोदुगु, केसुला

पाठाचा दुसरा भाग गोष्टीचा. ही गोष्ट मुलांना आवडतेच, पण आधी आपल्याला ठाऊक असायला हवी, म्हणून थोडी सविस्तर लिहिते.

सतराव्या शतकात कोची डचांच्या ताब्यात होतं. तिथला अधिकारी हेन्ड्रिक व्हान र्‍हीड याने मलबारातल्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ तयार करवून घेतला, ‘होर्टुस मलबारिकुस’. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. १२ खंड, सातशेहून जास्त वनस्पती. चित्रं काढणाऱ्यांत डच कंपनीच्या नोकरीतली माणसं होती. पण कोणतं झाड कोणतं, त्याचं नाव काय, उपयोग काय, हे सांगणारे इथलेच. एक इट्टी अच्युतन नावाचे मल्याळी वैद्य. आणि त्यांच्यासोबत तिघं कोकणी बोलणारे, रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट. या तिघांनी ग्रंथातली माहिती खरी असल्याबद्दल लिहून दिलेलं पत्र पहिल्या खंडात छापलं आहे. भाषा कोकणी, लिपी आपली नागरी. चित्रांवरही झाडांची नावं रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरलेली आहेत. ३०० हून अधिक वर्षांपूर्वी ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात नागरी अक्षरं! हे खंड आता इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. मोबाईलवर एक पान मोठं करून मुलांना ती अक्षरं वाचायला लावा. वळण जुनं आहे, तरी बरीचशी अक्षरं चौथीची मुलं ओळखतात.

१६८६ च्या सहाव्या खंडात आपला पळस आहे, ‘प्लासो’ या नावाने. पुढे १७८३ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने पळसाला शास्त्रीय नाव दिलं ते याच ‘प्लासो’च्या आधारावर. त्याने नाव ठेवलं मोनोस्पर्मा, म्हणजे एकबीजी, कारण पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असते. आज पळसाचं शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा असं आहे. त्यातलं ब्युटिया हे ब्यूट नावाच्या इंग्रज दरबारातल्या एका उमरावावरून आलं. ज्या झाडाखाली आमची मुलं बकऱ्या चारतात त्याच्या नावात कुठला तरी उमराव बसला आहे, हे ऐकून वर्ग हसला. मलाही दरवेळी हसू येतं.

मुलांसाठी यातली मुद्द्याची गोष्ट एवढीच, की कोचीला बघितलेलं झाड शंभर वर्षांनी पॅरिसला ओळखलं गेलं ते एका चित्रामुळे आणि सोबतच्या वर्णनामुळे. मध्ये हजारो मैल समुद्र. टेलिफोन नाही, फोटो नाही.

त्यानंतर विल्यम रॉक्सबर्ग. हा स्कॉटिश डॉक्टर आधी आंध्राच्या किनाऱ्यावर होता, १७९३ पासून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. त्याने इथल्या चित्रकारांना हाताशी धरून हजारो चित्रं करवून घेतली. त्यातली ३०० निवडून १७९५ ते १८२० या काळात लंडनला ‘कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पती’ हा तीन खंडांचा ग्रंथ निघाला. त्याच्या पहिल्याच खंडात पळस आहे. रॉक्सबर्ग झाडांची तेलुगू नावं टिपून ठेवायचा. तेलुगूत पळसाला मोदुगु म्हणतात. आपल्या जिल्ह्यात हे नाव परकं नाही, पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे गेलं की तेच ऐकू येतं.

वर्गात इथे एक छोटा खेळ घेता येतो. फळ्यावर पळसाचं चित्र काढायचं आणि मुलांना घरून नावं विचारून आणायला सांगायचं. आमच्याकडे बंजारा घरांतल्या मुलांनी ‘केसुला’ आणलं. ज्यांची मावशी किंवा आत्या नागपूरपलीकडे मध्य प्रदेशात दिली आहे त्यांनी ‘टेसू’ आणलं. गुजरातीत केसूडो आहे, कन्नडमध्ये मुत्तुग. ही नावं पाठ करून घेऊ नका, फळ्यावर चित्राभोवती लिहून ठेवा, म्हणजे झालं. एका मुलीची आजी म्हणाली म्हणे, "शाळेत केसुलाचं नाव कायले पाहिजे?" मग तिनेच होळीला रंग कसा उकळायचा ते सांगितलं, आणि तेही चित्राखाली लिहिलं गेलं.

कोणी काढलं?

इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

रॉक्सबर्गच्या त्या ग्रंथातल्या चित्रांवर भारतीय चित्रकारांची नावं नाहीत. झाडाला नाव मिळालं, गोळा करणाऱ्याला मिळालं, छापणाऱ्याला मिळालं. ज्याने पाकळीची कड डोळ्यात तेल घालून काढली तो मात्र गायब.

सगळीकडे असंच झालं असं नाही. रॉक्सबर्गनंतर काही वर्षांनी कलकत्त्याच्या त्याच बागेत आलेल्या वॉलिकने आपल्या ग्रंथात विष्णुप्रसाद आणि गोराचंद या चित्रकारांची नावं छापली. मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट याच्याकडे आधी रंगय्या आणि मग गोविंदू असे दोन चित्रकार होते. १८३८ ते १८५३ या काळात वाइटने दोन हजारांवर चित्रं असलेला ग्रंथ मद्रासमध्येच शिळाछापावर काढला, आणि त्या चित्रांवर या दोघांची नावं आढळतात. एवढंच नाही, वाइटने आमरीच्या कुळातल्या एका वनस्पतीला ‘गोविंदूइया’ असं नाव दिलं. पुढे शास्त्रज्ञांनी ती वनस्पती दुसऱ्या नावाखाली टाकली, तरी गोविंदूचं नाव नोंदीत राहिलं. उमरावाचं नाव झाडाला मिळतं तसं चित्रकाराचंही मिळू शकतं, याला हा पुरावा.

आता आपल्या महाराष्ट्रातलं बघा. पुण्याजवळच्या दापोडीला १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. इंग्रजी कागदपत्रांत त्याचं नाव ‘दापुरी’. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर त्याची देखरेख करायचा. पुढे तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८४७ ते १८५० च्या सुमारास गिब्सनने एका चित्रकाराकडून बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची सुरेख रंगीत चित्रं काढून घेतली. देशी झाडं त्यात आहेत आणि बाहेरून आणून लावलेलीही. आज ती स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. २००२ मध्ये हेन्री नोल्टी या अभ्यासकाने त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. तोवर महाराष्ट्रात किती जणांना या चित्रांची कल्पना असेल कोण जाणे. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच कळतं. त्याचं नाव कुठेच मिळत नाही.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलांना बाकी काही नाही, हेच खटकलं. "त्याने खाली सही का नाही केली?" "त्याले लिहिता येत नसेल." "येत असेल, पण मालक म्हणला असेल नको." मी मध्ये बोलले नाही. पंधरा मिनिटं ही चर्चा चालली, आणि माझ्या मते तो त्या आठवड्यातला सगळ्यात चांगला तास होता.

(जाता जाता, तंजावरचे आपले मराठी राजे दुसरे सरफोजी यांनीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दरबारच्या चित्रकारांकडून झाडं-प्राण्यांची चित्रं काढून घेतली होती. म्हणजे हा सगळा साहेबांचाच छंद होता असं समजायचं कारण नाही. सातवी-आठवीच्या शिक्षकांनी हा धागा इतिहासाच्या तासाला जरूर उचलावा.)

फोटो असताना चित्र कशाला?

हा प्रश्न पालक सभेत आला. प्रश्न योग्य आहे. उत्तर पळसच देतो. पळस फुलतो तेव्हा झाड उघडं असतं. पानं येतात नंतर, उन्हाळ्यात. शेंगा वाळतात त्याहून उशिरा. फूल, पूर्ण वाढलेलं पान आणि पिकलेली शेंग एकाच फोटोत कधीच सापडत नाहीत, कारण ती झाडावर एकत्र नसतातच. चित्रकार मात्र तीनही एका कागदावर आणतो. म्हणजे वनस्पतीचित्र हे एका क्षणाचं नसतं, चार-पाच महिने त्या झाडाकडे जाऊन येऊन ते पूर्ण होतं. फोटोतलं पान किडीने खाल्लेलं असलं तर तेवढंच दिसतं. चित्रकार दहा पानं बघून त्या झाडाचं पान कसं असतं ते काढतो.

म्हणूनच कॅमेरे हातोहाती आल्यावरही ही कला बंद पडलेली नाही. १८ मे २०१८ या दिवशी २५ देशांतल्या वनस्पतीचित्रकारांनी एकाच वेळी प्रदर्शनं भरवली. त्यात प्रत्येक देशाने आपापल्या मातीतल्या, देशी वनस्पतींचीच चित्रं लावायची असं ठरलं होतं. आपल्याकडे बेंगळुरूच्या निरुपा राव यांनी सह्याद्रीतल्या मोठ्या झाडांची आणि चमत्कारिक वनस्पतींची चित्रं पुस्तकांतून आणली. कालिम्पाँगच्या हेमलता प्रधान हिमालयातल्या ऑर्किडची चित्रं काढतात. त्या इंग्लंडला जाऊन हे शिकल्या आणि परत येऊन आपल्या डोंगरातल्या मुलांना शिकवू लागल्या. प्राथमिक शिक्षकाला यापेक्षा जवळचं उदाहरण कोणतं द्यायचं?

आर्णी ते सिंधुदुर्ग, पोस्टाने

माझी डी.एड.ची एक मैत्रीण सिंधुदुर्गात शिकवते. आम्ही ठरवलं, दोन्ही वर्गांनी आपल्याकडचं एकेक झाड काढायचं आणि चित्रं पोस्टाने पाठवायची. व्हॉट्सॲपवर नाही, मुद्दाम. मूळ आकाराचं चित्र मोबाईलवर बोटाएवढं होतं, मग केलेल्या मापाला अर्थ काय राहिला?

आमच्याकडून पळस गेला. तिकडून सुरंगी आली. आमच्या मुलांनी सुरंगी पाहिलेली नाही. चित्र उघडल्यावर पहिला आक्षेप आला, "हे चुकलं. फुलं डायरेक्ट जुन्या फांदीले कशी लागतील?" मुलांना वाटलं, कोकणातल्या पोरांनी पानांमधली फुलं खाली उतरवली. मी मैत्रिणीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडून तिच्या वर्गातली एक मुलगी ठणकावून म्हणाली, "तशीच येतात! सालीला चिकटून झुबके असतात. आम्ही गजऱ्याला काढतो ना." मग तिकडून प्रश्न आला, पळसाचं पान खरंच एवढं मोठं असतं की कागद मोठा होता म्हणून काढलं? पळस त्यांच्याही जिल्ह्यात आहे, पण त्या शाळेजवळ नाही. आमच्या मुलांनी फोनवरून सेंटिमीटर सांगितले.

दोन्ही वर्ग एकमेकांवर विश्वास ठेवत नव्हते, आणि मला नेमकं तेच आवडलं. चित्र खरं आहे का, हे विचारण्याची सवय इथूनच लागते.

सुरंगीच्या चित्रांच्या मागे-पुढे कुठेही काढणाऱ्यांची नावं नव्हती, फक्त शाळेचा शिक्का होता. आमच्या वर्गाने लगेच विचारलं, "हे कोणी काढलं?" दापोडीच्या त्या चित्रकाराची गोष्ट ताजी होती ना. मुलांनी मैत्रिणीच्या वर्गाला पत्र लिहून नावं मागवली. आठ दिवसांनी यादी आली, प्रत्येक चित्रापुढे एक नाव. आमच्या मुलांनी पेन्सिलीने ती नावं सुरंगीच्या चित्रांखाली लिहिली आणि मगच चित्रं भिंतीवर लागली.

तुम्ही हा उपक्रम करणार असाल तर चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एवढं लिहून घ्या: झाडाचं घरचं नाव (ज्या भाषेत घरी म्हणतात त्या भाषेत), मराठी नाव, झाड कुठे उभं आहे, तारीख, आणि काढणाऱ्याचं पूर्ण नाव. शास्त्रीय नाव शिक्षकांनी शेवटी लिहावं, घाई नाही. पालकांना एकच विनंती, चित्र सुंदर दिसावं म्हणून रेघ सुधारून देऊ नका. वाकडी पर्णिका वाकडीच राहू द्या. ती खरंच वाकडी आहे.

रंगाचं सांगायचं तर खडूच्या पेटीत पळसाचा केशरी मिळत नाही. नारिंगीवर पिवळा, त्यावर अगदी हलका लाल असं करून बघितलं तर जवळ जातं. दोन मुलांनी फुलं उकळून निघालेलं पाणी ब्रशने लावलं. सुरुवातीला मस्त दिसलं, नंतर कागदावर फिकट पिवळं होत गेलं. त्याचीही तारीखवार नोंद वहीत आहे.

आमच्या पळसाच्या कागदांवर उजवीकडे खाली एक चौकोन रिकामा ठेवलेला होता, शेंगेसाठी. मार्चमध्ये शेंग नव्हती आणि मग उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. आपल्याकडे विदर्भात शाळा उघडायला जूनचा शेवट उजाडतो, तोवर मुलं विसरतील असं मला वाटत होतं. पहिल्या दिवशी सात जण खिशातून चपट्या, वाळलेल्या शेंगा घेऊन आले. मुलं आता पाचवीत गेली आहेत, वर्ग दुसऱ्या सरांकडे आहे. मधल्या सुट्टीत ती माझ्या वर्गात येऊन बसली, शेंग उजेडात धरून टोकाकडची बी एकच आहे ना ते बघितलं, कागदाच्या पट्टीने माप घेतलं आणि चौकोन भरायला सुरुवात केली.